बार्बाडोसला निघालायस ना, मग आधी किचन बघ

अरे, तुझा मेसेज आला तेव्हा मी मीटिंगमधे होतो म्हणून नुसता अंगठा पाठवला, आता जेवून निवांत लिहितोय. आई-बाबा अमेरिकेत तुझ्याकडे एडिसनला आलेत, त्यांना कॅरिबियनमधल्या या बेटावरचा निळा समुद्र दाखवायचाय आणि तू ते ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट जवळजवळ बुक केलंयस, बरोबर? थांब जरा. कार्ड काढू नकोस अजून.

मी हा उद्योग केलाय. सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो, चौघांचं खाणंपिणं आधीच भरून, फुल रुबाबात. सासूबाई अंडंसुद्धा न खाणाऱ्या, त्यात मधेच चतुर्थी आली. पाच दिवस त्या बाईंनी पास्ता, फ्रेंच फ्राइज आणि कलिंगड खाल्लं, सासरे दारूला शिवत नाहीत, बायकोला चढते म्हणून ती घेत नाही, म्हणजे चार माणसांच्या रमचे पैसे भरून मी एकटा रोज दोन ग्लास प्यायलो. शेवटच्या दिवशी सासूबाई हळूच म्हणाल्या, इथे कुठे साधा वरणभात टाकता येईल का हो? तेव्हापासून माझं ठरलंय, आधी आपण काय खाणार ते ठरवायचं आणि मग कुठे राहायचं ते.

तर तू साऊथ कोस्टला बघ. हेस्टिंग्ज, रॉकली, वर्दिंग, सेंट लॉरेन्स गॅप हा पट्टा. वेस्ट कोस्टला, होलटाऊनच्या बाजूला, पाणी एकदम शांत असतं पण तिकडचे भाव आपल्यासाठी नाहीत, आणि गंमत म्हणजे बार्बाडोसमधे बीच सगळे पब्लिकच आहेत, त्यामुळे तिकडे बसने जाऊन दिवसभर डुंबून परत यायला कोण अडवतंय. साऊथला टू-बेडरूम अपार्टमेंट घे, गॅस, फ्रीज आणि मोठं पातेलं आहे का ते आधी विचार, नाहीतर फोटोत किचन दिसतं आणि आत मायक्रोवेव्ह नि दोन कप. हेस्टिंग्जपासून रॉकलीपर्यंत समुद्राला लागून फळ्यांचा रस्ता बांधलाय, बाबांची सकाळची फेरी तिथे मस्त होईल. नळाचं पाणी चालतं, बाटल्या विकत घेत बसू नकोस.

किराणा मात्र महाग. बेटावर बराचसा माल बाहेरून येतो, त्यामुळे दही-चीज बघून डोळे फिरतील. तांदूळ, डाळ, पोहे, मसाला इथूनच सीलबंद पाकिटात ने आणि कस्टम्सच्या फॉर्मवर खाणं आणलंय असं सरळ लिही. ताजी फळं, कढीपत्ता वगैरे अजिबात नको. नाश्ता आणि एक जेवण घरी, एक जेवण बाहेर, एवढं केलंस तरी बजेट हातात राहतं.

बाहेर खाताना एक लक्षात ठेव, मेन्यूवर नुसतं डॉलर लिहिलेलं असेल तर कुठला डॉलर ते विचार. तिथला डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोब्बर निम्मा, २ ला १, गेली कित्येक वर्षं तसाच बांधलेला. मी पहिल्या दिवशी माशाच्या प्लेटला ४० बघून उठायलाच निघालो होतो, ते निघाले २०. बिलात सर्व्हिस चार्ज बऱ्याचदा आधीच लावलेला असतो, तो बघ, नाहीतर वर परत टिप देऊन बसशील. आणि रूमचा भाव बघताना टॅक्स, लेव्ही, सर्व्हिस सगळं धरून शेवटचा आकडा काय ते बघ, पहिल्या पानावरचा नाही.

शुक्रवारी रात्री साऊथलाच ऑइस्टिन्स गावात जाच. मासळी बाजाराला लागून टपऱ्या, धूर, मोठ्ठ्याने गाणी, लाकडी बाकडी, बाई विचारते ग्रिल्ड की फ्राइड आणि फॉइलच्या डब्यात एवढा मासा देते की दोघांत पुरतो. तुझी नि बाबांची चैन. टेबलावर पिवळ्या सॉसची बाटली असते, सासऱ्यांनी मोहरीचा सॉस समजून चमचाभर ओतला आणि मग दहा मिनिटं कोणाशी बोलले नाहीत, नुसतं पाणी. आईसाठी मॅकरोनी पाय (म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी) आणि तळलेलं केळं आहे, पण राइस अँड पीज मागताना विचार, त्यात बरेचदा खारवलेलं डुकराचं मांस घालून शिजवतात. त्यापेक्षा रोटी शोध. त्रिनिदादला गिरमिटावर, म्हणजे करारावर मजुरीला, गेलेल्या आपल्या लोकांची ती रोटी, मोठी मऊ, आत बटाटा-चण्याची भाजी गुंडाळलेली, आई खूश होईल.

फिरायला टॅक्सी एकदा-दोनदाच, मीटर नसतो, बसायच्या आधी भाव ठरव. बाकी बस आणि झेडआर, म्हणजे खाजगी शेअर व्हॅन, मी गेलो तेव्हा साडेतीन बार्बाडोस डॉलर, कुठेही जा, मात्र व्हॅनमधे गर्दी आणि गाणी आपल्या वडापसारखीच, आईला सरकारी निळ्या बसमधे बसव.

तारखांचं बघ. डिसेंबर मध्य ते एप्रिल मध्य सगळं महाग. जून ते नोव्हेंबर स्वस्त पण वादळांचा सीझन, २०२४ ला २९ जूनला आपण तिथेच वर्ल्डकप जिंकलो आणि बेरिल वादळामुळे टीम हॉटेलात अडकून पडली आठवतंय ना, तेव्हा कॅन्सल होणारंच बुकिंग घे. मी तर मे म्हणेन.

इंडियन पासपोर्टला तिथे व्हिसा लागत नाही, खरी भानगड परत येताना. तुझ्या एच-वनचा, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसाचा, पासपोर्टवरचा स्टॅम्प संपलेला असेल तर कॅनडा-मेक्सिकोला थोडे दिवस जाऊन जुन्याच स्टॅम्पवर परत येता येतं ती सवलत बेटांना नाही, आणि आई-बाबांचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे का तेही आजच बघ. हां, आणि बाबांची ती मिलिटरी प्रिंटची टोपी घरी ठेव, तिथे साध्या माणसाने तसलं काही घालणं बेकायदेशीर आहे.

तीन-चार अपार्टमेंटच्या लिंक पाठव, मी बघतो. गॅसचा फोटो असलेल्याच.