‘ला बायादेर’सारखी जुनी बॅले मोठ्या कंपन्या आजही त्याच रूपात का सादर करतात, आणि भूमिका देताना कलाकारांचा वर्ण पाहिला जातो का?

तुम्ही लिहिले आहे की भारतातल्या एका देवदासीची कथा सांगणाऱ्या ‘ला बायादेर’चे चित्रीकरण पाहताना त्यातले फकीर, ब्राह्मण आणि देवदासी पाहून तुम्हाला अवघडल्यासारखे झाले, आणि म्हणून हे दोन प्रश्न पडले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते माझ्या घरात घडलेले आहे. होय, वर्ण पाहिला जातो. आणि तो पाहिला जात नाही असे सांगण्याची एक ठरलेली, अत्यंत सौम्य भाषाही असते.

माझी मुलगी वयाच्या सहाव्या वर्षापासून बॅले शिकली. अमेरिकेच्या मिडवेस्टमधील ज्या शहरात आम्ही तेव्हा राहत होतो, तेथे एक मध्यम आकाराची कंपनी आणि तिला जोडलेली शाळा होती. तिचे नाव मी येथे घेणार नाही. 2014 साली, मुलगी 17 वर्षांची असताना, कंपनीने ‘ला बायादेर’ पूर्ण लांबीचे करायचे ठरवले आणि शाळेतल्या मोठ्या मुलींनाही त्यात घेतले. मी कंपनीच्या कपडेपटात विनामोबदला शिवणकाम करत असे, त्यामुळे तालमीच्या खोलीत काय चालले आहे हे मला रोज दिसत होते.

त्या काळी दुकानात पॉइंट शूज, म्हणजे पायाच्या टोकांवर नाचायचे बूट, मिळत ते गुलाबी साटिनचे. गोऱ्या मुलीच्या पायात तो गुलाबी रंग त्वचेत मिसळून जातो आणि पायाची रेषा कमरेपासून अंगठ्यापर्यंत अखंड दिसते. सावळ्या मुलीची तीच रेषा घोट्यापाशी तुटते. म्हणून दर रविवारी रात्री मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून स्पंजाने तिच्या शूजवर फाउंडेशन टिपत बसे. ते पुसायचे नसते, टिपायचे असते, नाहीतर साटिनवर ओघळ उमटतात. फिती वेगळ्या रंगवून दोरीवर वाळत घालायच्या, टाइट्स कडक काळ्या चहात बुडवून ठेवायच्या. चार दुकाने पालथी घातल्यावर तिच्या त्वचेशी जुळणारी छटा सापडली होती, आणि तिचा क्रमांक मी फ्रिजवर चिकटवून ठेवला होता. तालमीत रंगवलेले शूज घालायला शाळेने कधी हरकत घेतली नाही, याबद्दल मी त्यांची आजही कृतज्ञ आहे.

या बॅलेचा प्राण म्हणजे ‘छायांचे राज्य’ हा मृतात्म्यांच्या जगातला प्रवेश. पांढऱ्या पोशाखातल्या मुली उतरणीवरून एकामागून एक खाली येतात. प्रत्येक जण एक अराबेस्क घेते, म्हणजे एका पायावर उभी राहून दुसरा पाय मागे सरळ ताणते, मग मागे झुकते, दोन पावले चालते आणि पुन्हा अराबेस्क घेते. सर्वांत आधी उतरणाऱ्या मुलीला ही हालचाल सर्वांत जास्त वेळा करावी लागते, तीही गुडघा न थरथरता. आमच्या कंपनीने त्यासाठी 24 जणी निवडल्या. माझ्या मुलीचा अराबेस्क बॅले मिस्ट्रेस, म्हणजे तालीम घेणाऱ्या बाई, वर्गात इतर मुलींना नमुना म्हणून दाखवत असत, तरीही यादीत तिचे नाव नव्हते. ते दुसऱ्या यादीत, फकीर आणि सेवकांच्या गटात होते. देवळासमोरच्या घोळक्यात उभे राहायचे आणि मिरवणुकीत पंखा धरून चालायचे.

आर्टिस्टिक डायरेक्टरांनी मला आपल्या खोलीत बोलावून समजावून सांगितले. छायांची रांग एकसारखी दिसली पाहिजे, प्रेक्षकाची नजर एका जागी अडकता कामा नये, हे या प्रवेशाचे शास्त्र आहे, असे ते म्हणाले. भारतातल्या प्रसंगांत मात्र तुमची मुलगी असली की दृश्याला अस्सलपणा येईल, असेही त्यांनी जोडले. मी विचारले की निवडलेल्या मुलींपैकी एक इतरांपेक्षा चार बोटे उंच आहे, तिच्यावर नजर अडकणार नाही का? त्यावर ते म्हणाले की तिला रांगेच्या शेवटी उभे करता येईल. उंचीसाठी जागा शोधता येत होती, रंगासाठी येत नव्हती.

त्यानंतरची गोष्ट मी आजवर फार थोड्यांना सांगितली आहे. मेकअप सांभाळणाऱ्या बाईंनी एके दिवशी कपडेपटात येऊन मला विचारले की तुम्ही शूज कोणत्या छटेने रंगवता. मी क्रमांक सांगितला. पुढच्या आठवड्यात त्याच छटेच्या बाटल्यांचे एक खोके आले, आणि पहिल्या रंगीत तालमीला सगळे फकीर आणि सेवक त्या रंगाने माखलेले होते. माझी मुलगीही माखलेली होती, कारण तो गटही एकसारखा दिसायला हवा होता. तिच्याच त्वचेशी जुळवलेली छटा तिच्याच चेहऱ्यावर थापल्यावर ती होती त्यापेक्षा काळी आणि मातकट दिसू लागली. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, “आई, तो नंबर फ्रिजवरून काढून टाक.”

आता कथेकडे येते. 1877 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये नृत्यरचनाकार मारियस पेटिपाने हे बॅले रंगमंचावर आणले. त्यातला राजा गोवळकोंड्याचा आहे, म्हणजे ज्या नावाबरोबर आपल्याला 1518 ते 1687 पर्यंतची कुतुबशाही आठवते त्या जागी एक हिंदू राजा, त्याचा वासनांध महाब्राह्मण आणि अग्नीभोवती उड्या मारणारे फकीर आणून बसवले आहेत. पण माझे दुखणे इतिहासातल्या या गोंधळापेक्षा त्या नावात अधिक आहे. ‘बायादेर’ हा फ्रेंच शब्द पोर्तुगीज ‘बायलादेइरा’ या शब्दावरून आला. त्याचा अर्थ नाचणारी, आणि गोव्यात पोर्तुगीज लोक हाच शब्द देवळांतल्या कलावंतिणींना लावत. माझी पणजी फोंडा तालुक्यातल्या एका देवळात सेवेला होती. ती गात असे आणि तरुणपणी नाचतही असे. तिची विद्या पायांच्या आवाजात होती, प्रत्येक मात्रा जमिनीवर ऐकू आली पाहिजे अशी. आणि तिचे नाव घेऊन उभ्या केलेल्या निकियाचे, या बॅलेच्या नायिकेचे, सारे कौशल्य पायांचा आवाज मुळीच होऊ न देण्यात आहे. मी हे दोष म्हणून सांगत नाही. बॅलेची विद्या वेगळी आहे आणि मी तिच्यावर मनापासून प्रेम करते. पण त्या नावाच्या बायकांबद्दल या बॅलेला काही माहिती नाही, एवढे तरी मान्य व्हायला हवे.

ती माहिती मिळवणे तेव्हाही अशक्य नव्हते. पॅरिसमध्ये 1830 सालीच बायादेरवरचे एक ऑपेरा-बॅले गाजले होते, त्यात त्या काळची प्रसिद्ध नर्तिका मारी ताग्लिओनी नाचली होती. पाँडिचेरीजवळच्या खऱ्या देवदासी पॅरिसला पोहोचल्या त्यानंतर आठ वर्षांनी, 1838 मध्ये. त्यांच्यातल्या अम्मणीवर फ्रेंच लेखक तेओफील गोतियेने भारावून लिहिले, आणि त्याच गोतियेने पुढे 1841 च्या ‘जिझेल’ या बॅलेची कथा रचण्यात भाग घेतला. म्हणजे कल्पनेतली बायादेर आधी आली आणि खरी बाई नंतर, आणि रंगमंचावर टिकली ती कल्पनेतली.

डायरेक्टरांचा शेवटचा मुद्दा परंपरेचा होता: पेटिपाने जे ठेवले त्याला आपण हात लावायचा नाही. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही, कारण मला तेव्हा पुरेसे ठाऊक नव्हते. आज ठाऊक आहे. 1877 मध्ये छायांचा प्रवेश लखलखीत उजेडातल्या महालात घडत असे. 1900 मध्ये स्वतः पेटिपाने तो डोंगरकड्यांत नेला. 1941 मध्ये लेनिनग्राडला (म्हणजे तेव्हाच्या सेंट पीटर्सबर्गला) पोनोमारेव्ह आणि चाबुकियानी या नृत्यरचनाकारांनी सारी मांडणी बदलली. प्रेक्षक ज्या सोनेरी मूर्तीच्या नाचासाठी टाळ्यांचा कडकडाट करतात, तो नाच झुबकोव्स्की या नर्तकाने 1948 मध्ये घातला, म्हणजे पेटिपाच्या मृत्यूनंतर 38 वर्षांनी. देऊळ कोसळण्याचा शेवटचा अंक सोव्हिएत काळात गाळला गेला, आणि 1980 मध्ये नर्तिका नतालिया माकारोव्हाने अमेरिकन बॅले थिएटरसाठी तो नव्याने रचून परत आणला. आमच्या कंपनीने त्या वर्षी ती मूर्तीही नाचवली आणि देऊळही पाडले. इतके बदल परंपरेत बसत असतील, तर एका सावळ्या मुलीला पांढरा पोशाख दिल्याने ती परंपरा मोडणार होती असे मला कोणी सांगू नये.

ही अडचण एका गावापुरती नाही. पॅरिस ऑपेराने याच बॅलेतल्या मुलांच्या नाचाचे अपमानकारक नाव 2015 मध्ये बदलले आणि त्या मुलांना काळे रंगवणे थांबवले. 2019 मध्ये अमेरिकेतली कृष्णवर्णीय नर्तिका मिस्टी कोपलँड हिने मॉस्कोच्या बोलशोई थिएटरमधल्या काळे रंगवलेल्या मुलींचे छायाचित्र जगापुढे ठेवले, तेव्हा त्या थिएटरने या चर्चेत पडण्यासच नकार दिला. बर्लिनच्या श्टाट्सबॅलेमधील कृष्णवर्णीय नर्तिका क्लोए लोपेस गोमेस हिने 2020 मध्ये उघडपणे सांगितले की ‘स्वान लेक’साठी तिला त्वचा गोरी दिसावी म्हणून रंग लावायला सांगितले जात होते. तिलाही रांगेचेच कारण देण्यात आले, हे वाचले तेव्हा मी वर्तमानपत्र बाजूला ठेवले आणि बराच वेळ काही करू शकले नाही.

मग कंपन्या हे का करत राहतात? एक तर छायांचा प्रवेश खरोखरच अद्वितीय आहे, आणि तो करायचा तर कथा सोबत घ्यावीच लागते असा समज आहे. दुसरे, निकिया ही भूमिका प्रत्येक मोठ्या नर्तिकेला हवी असते, आणि ओळखीच्या नावावर तिकिटे विकली जातात. पण कथा सोडवून घेता येते हे आता सिद्ध झाले आहे. न्यूयॉर्कच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेम या कृष्णवर्णीय कलाकारांच्या कंपनीने 1984 मध्ये ‘जिझेल’ लुइझियानातल्या कृष्णवर्णीय समाजात नेऊन तीच पावले नाचवली. 2024 मध्ये इंडियाना विद्यापीठात फिल चॅन आणि डग फुलिंग्टन यांनी ‘ला बायादेर’ची कथा 1930 च्या दशकातल्या हॉलिवुडमध्ये हलवली, आणि जुन्या नोंदींवरून पेटिपाच्या रचना मात्र जपल्या. माझे स्पष्ट मत असे आहे की पावले ठेवावीत आणि गोवळकोंडा सोडून द्यावा.

काही गोष्टी मात्र न सांगणे अन्यायाचे होईल. रांगेची शिस्त हे थोतांड नाही. 24 मुलींचे श्वास एक करायला बॅले मिस्ट्रेस महिनोन्महिने रक्त आटवतात, आणि आमच्या बॅले मिस्ट्रेसने माझ्या मुलीसाठी आत भांडण केले होते हे मला नंतर कळले. शूजच्या बाबतीतही काळ बदलला आहे, बॅलेचे शूज बनवणाऱ्या फ्रीड ऑफ लंडनने 2018 मध्ये तपकिरी छटांचे पॉइंट शूज बाजारात आणले. आणि देवळांतली ती व्यवस्था निर्मळ होती असे मी मुळीच म्हणत नाही. माझ्या पणजीला तिच्या आयुष्याची निवड कोणी विचारली नव्हती. आपल्याकडेही नायिका गोरीच लागते, हे मराठी माणसाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी आठवावे.

तुम्हाला काही करायचे असेल तर कंपनीला पत्र लिहा, पण पडदा पडल्यावर नव्हे, हंगामाची घोषणा होताच लिहा, कारण त्यानंतर कपडे बेतले जातात आणि मग कोणी ऐकत नाही. रंगभूषेत काय लावणार आहेत आणि कोणाला लावणार आहेत, हे थेट विचारा. आणि तुमच्या घराचा त्या कथेशी संबंध असेल तर तोही लिहा. मी कंपनीच्या विश्वस्तांना लिहिलेल्या पत्रात पणजीचा उल्लेख केला होता. त्यांच्याकडून दोन ओळींचे आभार आले, पण माझा दादा ते कळल्यावर माझ्याशी वर्षभर धड बोलला नाही. “तीन पिढ्यांनी जे मागे टाकलं, ते तू परक्यांच्या टेबलावर कशाला ठेवलंस?” असे तो म्हणाला होता. दादा, ज्या कलावंत समाजातून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर आल्या त्याच समाजातली आपली पणजी होती, त्यांच्या ध्वनिमुद्रिका तू पाहुण्यांना कौतुकाने ऐकवतोस, आणि पणजीचा विषय निघाला की आवाज खाली आणतोस. आपण तिचे नाव घेतले नाही तर ते निकिया राहील, आणि ती कशी होती हे सेंट पीटर्सबर्गच्या एका कथेवरून जग ठरवत राहील. हे मी तुला फोनवर नीट सांगू शकले नव्हते.

मुलगी 24 वर्षांची असताना, दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या कंपनीत, छायांच्या रांगेत उभी राहिली. मी पाचव्या ओळीत बसले होते. त्या प्रवेशाला निळसर उजेड असतो, डोक्यापासून हातांपर्यंत तलम पांढरी ओढणी असते, आणि सगळ्या एकाच श्वासात झुकतात. तिला शोधण्यासाठी मी पहिल्यापासून मोजत गेले, दोनदा चुकले, आणि रांग पूर्ण खाली येईपर्यंत मला माझी मुलगी सापडली नाही. ती सातवी होती, हे तिने नंतर सांगितले.