"थोडी घेतलेली हार्टला चांगली असते ना मॅडम?"

मी समुपदेशक आहे. समोरचा माणूस "मॅडम, एक विचारू का" म्हणाला आणि आवाज जरा खाली गेला की पुढे काय येणार ते मला आता कळतं. थोडी घेतलेली दारू तब्येतीला चांगली असते ना? पुरुष विचारतात, बायका विचारतात, ज्यांच्या घरात कोणी घेतं तेही विचारतात, आणि एकदा तर आयुष्यात कधी थेंब न घेतलेल्या एका आजोबांनी विचारलं की आता सत्तरीत सुरू करू का, हार्टसाठी. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. त्यासाठी एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि सात सेशन्समध्ये जे झालं ते तीनचार प्रसंगांत आटपतेय.

गृहस्थ बावन्न वर्षांचे, बायकोने जवळजवळ ओढतच आणलेले. रोज रात्री रेड वाईन, तीन वर्षं झाली. भांडण नाही, कामावर दांड्या नाहीत, पिऊन बडबड नाही, बीपीची गोळी चालू. ताईंचं म्हणणं एवढंच की "काही बोललं की हे फाइल काढतात." फाइल खरंच होती आणि सोबत आणली होती. पारदर्शक कव्हरमध्ये लेखांच्या प्रिंटआउट्स, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या मार्करने रंगवलेल्या. "मी म्हणत नाही मॅडम, रिसर्च म्हणतो. तुम्हीच हिला समजवा." ताईंना वाटत होतं मी त्यांना समजावणार, त्यांना वाटत होतं मी ताईंना समजावणार, आणि मी कोणालाच समजवायला गेले नाही.

हे मुद्दाम. मी ज्या पद्धतीने काम करते तिचा पाया अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्याच प्रश्नावर काम करताना मांडला. आपण "सोडा" म्हणून जितका जोर लावू तितका समोरचा "का सोडू" याची कारणं शोधत जातो, आणि ती स्वतःच्याच तोंडाने बोलून बोलून पक्की करतो. या घरात तीन वर्षं हेच चालू होतं, ताईंच्या प्रत्येक वाक्याने फाइलमध्ये एक कागद वाढत होता. म्हणून मी फाइल मागून घेतली, पूर्ण वाचून ठेवते म्हटलं, आणि पुढच्या वेळी घरचा ग्लास घेऊन या असं सांगितलं.

ग्लास आला. रोज जेवढी ओतता तेवढं पाणी ओता म्हटलं. त्यांनी सवयीच्या हाताने, अजिबात न थबकता ओतलं, मग ते पाणी आम्ही मापाच्या भांड्यात घेतलं तर २६० मिली भरलं. अभ्यासांमध्ये एक ग्लास वाईन म्हणतात ती साधारण १५० मिलीची. ते दोनदा वाकून रेघ बघत होते. "म्हणजे माझा एक म्हणजे जवळजवळ दोन," ते स्वतःच म्हणाले, आणि ताई काहीतरी बोलणार तेवढ्यात मी हाताने थांबवलं कारण ते वाक्य त्यांचं होतं आणि त्यांच्याकडेच राहायला हवं होतं.

तिसऱ्या सेशनला फाइल उघडली. आधी विचारलं, "मी जे वाचलंय ते सांगितलं तर चालेल का?" हे विचारणं लोकांना फॉर्मॅलिटी वाटते, पण हो म्हटलेला माणूस वेगळ्या कानाने ऐकतो. मग सांगितलं की ही रेड वाईनची गोष्ट मोठी झाली १९९१ मध्ये. अमेरिकन टीव्हीवर एका कार्यक्रमात फ्रेंच शास्त्रज्ञ सर्ज रनो येऊन म्हणाले की फ्रान्समध्ये लोक एवढं चरबीचं खाऊनही त्यांना हार्टचा त्रास कमी होतो आणि त्यामागे वाईन असावी, त्यानंतर अमेरिकेत रेड वाईनचा खप धडाधड वाढला. पुढे द्राक्षाच्या सालीतल्या रेस्वेराट्रॉल नावाच्या घटकाचं कौतुक सुरू झालं, पण एका ग्लासात ते जेमतेम मिलिग्रॅमभर, बरेचदा त्याहूनही कमी असतं आणि प्रयोगांमध्ये शेकडो मिलिग्रॅम देतात.

इथवर ते मान डोलवत होते, पटल्यासारखी नाही, सभ्यपणाने. मग मी विचारलं, "अभ्यासात एका बाजूला थोडी पिणारे आणि दुसऱ्या बाजूला न पिणारे. या न पिणाऱ्यांत कोण कोण असेल?"

"कधीच न घेतलेले."

"अजून?"

"सोडलेले."

"लोक का सोडतात?"

लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "भावाला पहिल्या अटॅकनंतर डॉक्टरांनी बंद करायला सांगितली. त्याने त्याच दिवशी बंद केली. दीड वर्षाने गेला."

भाऊ एकोणपन्नासाव्या वर्षी हार्टने गेला हे फॉर्मवर लिहिलेलं होतं, पण तोपर्यंत एकदाही भावाचा विषय त्यांनी काढला नव्हता.

"म्हणजे अशा अभ्यासात तो असता तर न पिणारा धरला असता," ते म्हणाले. "न पिणारा, आणि लवकर गेला."

ब्रिटिश संशोधक जेराल्ड शेपर यांनी १९८८ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं, न पिणाऱ्यांच्या गटात आजारामुळे सोडलेले बरेच असतात, त्यामुळे तो गट आजारी दिसतो आणि शेजारचे थोडी पिणारे उगाचच ठणठणीत दिसतात. मला हे सांगायचंच होतं, तोंडाशी आलं होतं, पण मी त्या दिवशी सांगितलं नाही. गरजच नव्हती, या माणसाने ते स्वतःच्या घरातून शोधून काढलं होतं. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी जर काही कमावलं असेल तर ते हे, असं गप्प बसता येणं, आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे.

मिनिटभर शांतता. मग ताई हळूच म्हणाल्या, "भावोजी गेल्यावरच सुरू झाली की वाईन." तीन वर्षं दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर असून त्यांनी त्या कधी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. आणि मग ते बोलले, माझ्याकडे न बघता: "डाव्या कुशीवर झोपलं की उशीत ठोके ऐकू येतात. साधेच असतात, पण ऐकू येतात. मग मी मोजत बसतो. वाईन घेतली की मोजायच्या आधी झोप लागते."

बाजूला झोपणाऱ्या बायकोला हे माहीत नव्हतं. ताई काही बोलल्या नाहीत, त्यांनी ती फाइल टेबलावरून उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवली.

मला जे उमगलं ते तेव्हा. थोडी चांगली असते ना, या प्रश्नाखाली बहुतेक वेळा दुसरा प्रश्न असतो आणि तो तब्येतीचा नसतो. कोणाला एकटेपणा, कोणाला घरी आल्यावर डोकं बंद होत नाही, कोणाला चारचौघांत बसायची भीती. या गृहस्थांचं औषध हार्टवर नव्हतं, हार्टच्या भीतीवर होतं, आणि भीतीवर ते रोज रात्री दोनतीन तास लागूही पडत होतं, म्हणून तर फाइल एवढी जपून ठेवलेली. वाईट हे की दारूने झोप पटकन लागते पण ती उतरायला लागली की मोडते, रात्रीची नाडी वाढते, बीपी वाढतं, ठोक्यांची लय बिघडायची रिस्कही वाढते. ताई म्हणाल्या तीनला उठून बसतात. म्हणजे जे ठोके ऐकू येऊ नयेत म्हणून घ्यायचे तेच मध्यरात्री जोरात वाजायचे.

पुढचं भराभर सांगते. हृदयतज्ज्ञांकडे पाठवलं, तपासण्या झाल्या, बीपीची गोळी बदलली. एक रात्र वाईन, एक रात्र नाही, असं दोन आठवडे करून सकाळी फक्त झोप कशी झाली ते लिहायचं, एवढंच काम दिलं. भावाबद्दल चार सेशन्स बोललो, खरं काम ते होतं. आता महिन्यातून एकदोनदा घेतात, आवडते म्हणून घेतात आणि तसंच सांगतात.

आता तुम्ही जे विचारता त्याचं सरळ उत्तर. तब्येतीसाठी म्हणून दारू सुरू करायची नाही, त्या आजोबांनाही हेच सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९८८ पासूनच दारूला माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, लिव्हर, आणि पुढे यादीत आलेले मोठं आतडं आणि स्तन, आणि बायकांना स्तनाच्या कॅन्सरची रिस्क थोडक्या पिण्यानेही वाढते. हे वाईन-बिअर-व्हिस्की सगळ्यांना सारखं लागू, कारण काम अल्कोहोलच करतं. २०२३ च्या जानेवारीत याच संघटनेने म्हटलं की सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, त्याच महिन्यात कॅनडातल्या नव्या मार्गदर्शनात कमी रिस्कची रेघ आठवड्याला दोन ड्रिंक्सवर आली, आधी ती पुरुषांना पंधरा आणि बायकांना दहा होती.

कोणी म्हणेल की उलटंही वाचलंय, तर तेही खरं. २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या वैज्ञानिक सल्ला देणाऱ्या संस्थेच्या रिपोर्टमध्ये मोजकं पिणाऱ्यांचा मृत्युदर कधीच न पिणाऱ्यांपेक्षा कमी दिसला, आणि त्याच रिपोर्टमध्ये स्तनाचा कॅन्सर जास्त दिसला. पण यात माणसं नुसती बघितलेली असतात, आणि मोजकं पिणारे बरेचदा पैशाने बरे, व्यायाम करणारे, वेळेवर डॉक्टरकडे जाणारे असतात, मग श्रेय वाईनला द्यायचं की या सगळ्याला? लोकांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटून बघायचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत सुरू झाला होता, तो २०१८ मध्ये थांबवला, कारण त्यासाठी दारू कंपन्यांकडून पैसे मागितल्याचं बाहेर आलं. चीनमध्ये जनुकांच्या (जीन्सच्या) मदतीने तपासलं तेव्हा थोडं पिण्याने स्ट्रोकपासून बचाव होतो असं काही निघालं नाही, पिणं वाढेल तसा स्ट्रोक वाढत गेला.

घेणाऱ्यांनी आधी स्वतःचा ग्लास मोजा, मग बीपीची गोळी आठवड्यातून किती वेळा विसरते आणि ग्लास किती वेळा विसरतो ते बघा. आणि दारू उद्या बंद झाली तर रात्री नऊ ते अकरा मी काय करेन, हे लिहून काढा, जे कागदावर येईल ते घेऊन या, समुपदेशन तिथून सुरू होतं. घरच्यांना विनंती आहे की लेखाला लेखाने उत्तर देत बसू नका. कधीपासून सुरू झालं ते विचारा, आणि त्या सुमाराला घरात काय घडलं होतं ते आठवा.

अजून एक, आणि हे महत्त्वाचं. बरीच वर्षं रोज भरपूर घेणाऱ्यांनी माझा लेख वाचून उद्यापासून एकदम बंद करू नका. हात थरथरणं, घाम, उलट्या, भास, फिट येणं असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेततं. सकाळी घेतल्याशिवाय हात स्थिर होत नसतील तर माझ्याकडे नंतर या, आधी डॉक्टरकडे जा, किती घेता ते खरं सांगा आणि त्यांच्या देखरेखीखाली औषधं घेऊनच बंद करा.