रिस्क रजिस्टर भरलं, गुणही दिले. ते बरोबर आहे हे कळायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की आर्किटेक्टच्या ऑफिसात दीड वर्ष झालंय, पुण्यातल्या दोन बेसमेंट आणि सात मजल्यांच्या इमारतीचं रिस्क रजिस्टर (कामात काय काय बिघडू शकतं याची यादी) साहेबांनी करायला सांगितलंय, नेटवरचा नमुना भरून ६० ओळी झाल्यात आणि आता ते बरोबर आहे की नाही हेच कळत नाही.

त्यातल्या निम्म्या ओळी मी न बघता सांगतो: ‘पावसामुळे विलंब’, ‘मजुरांची टंचाई’, ‘स्टीलची दरवाढ’... खोटं काहीच नाही. पण या ओळी कुठल्याही इमारतीला चिकटवता येतात, त्यामुळे त्या वाचून साइटवर कुणी काही वेगळं करत नाही. पाऊस ही जोखीम नव्हे, पाऊस दर वर्षी येतोच. जोखीम अशी लिहा: ‘जूनच्या आत रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) जमिनीपर्यंत आली नाही, तर खड्ड्याची बाजू ढासळून शेजारच्या सोसायटीची कंपाउंड वॉल आत येईल.’ किंवा ‘वर पुरेसे स्लॅब चढायच्या आत पाणी उपसायचे पंप बंद पडले, तर खालच्या पाण्याच्या दाबाने राफ्ट (तळाचा सलग काँक्रीटचा पाया) उचलली जाईल.’ कारण, घटना आणि परिणाम एका वाक्यात आले की काय करायचं ते अर्धं तिथेच कळतं.

अशा ओळी टेबलावर बसून सुचत नाहीत. माझ्या उमेदीच्या काळात एका प्लॉटवर जमीन तपासायला तीन बोअर मारले होते, तिन्हींत तीन मीटरवर पक्का काळा पाषाण. रजिस्टरमध्ये ‘जमीन’ या ओळीला मी सगळ्यात कमी गुण दिले. खोदाई सुरू झाली आणि चौथ्या कोपऱ्यात निघाली बुजवलेली विहीर: राडारोडा, चिखल, पाणी. दोन फुटिंगचं (खांबाखालच्या पायाचं) डिझाइन बदललं, सहा आठवडे गेले. नंतर समोरच्या टपरीवरचे काका म्हणाले, “अहो, आम्ही पोहायचो की तिथं!” बोअरलॉग (बोअरमध्ये काय लागलं त्याची नोंद) फक्त बोअर मारला तिथली जमीन सांगतो. तेव्हापासून जुना मोजणी नकाशा बघितल्याशिवाय आणि आजूबाजूच्या दोन म्हाताऱ्यांशी बोलल्याशिवाय मी रजिस्टर उघडत नाही. सेंट्रिंगच्या (स्लॅबचा साचा आणि टेकू उभारायच्या कामाच्या) मुकादमालाही विचारा, “इथं तुला भीती कशाची वाटते?” तो डबल हाइटच्या लॉबीतल्या उंच टेकूंकडे बोट दाखवेल, आणि ते तुमच्या ६० ओळींत नसेल.

आता गुण. शक्यता १ ते ५, परिणाम १ ते ५, गुणाकार २५ पर्यंत. सोय म्हणून ठीक आहे. पण ५ म्हणजे किती ते आधी ठरवा: ‘तीन महिन्यांहून जास्त उशीर’ किंवा ‘५० लाखांहून जास्त खर्च’ असं काहीतरी. नाहीतर आरसीसी कन्सल्टंटचा (काँक्रीटच्या सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्याचा) ५ आणि बिल्डरचा ५ यांचा एकमेकांशी संबंध नसतो. दुसरी गोम अशी की १ × ५ आणि ५ × १ दोन्ही ५च. टाइल्स दर वेळी थोड्या उशिरा येणं आणि शटरिंग (काँक्रीटचा साचा) कोसळून माणूस जाणं एकाच रंगाच्या खान्यात बसतं! माझा नियम साधा आहे: जीव जाऊ शकत असेल तिथे गुणाकार करायचाच नाही, ओळ थेट लाल.

डिझाइन ऑफिसात बसणाऱ्याने खास बघायची ती ड्रॉइंग आणि साइटमधली फट. १७ जुलै १९८१ ला अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हयात रीजन्सी हॉटेलमधले टांगते पूल कोसळले, ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात छतापासून खालच्या पुलापर्यंत एकच सलग सळई होती. बनवायला सोपं म्हणून तिच्या दोन केल्या. खालचा पूल वरच्या पुलाला लटकला आणि वरच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. बदल एवढासाच होता, पण हिशेब कुणी पुन्हा मांडला नाही. म्हणून ‘साइटवर बदललेला डिटेल कन्सल्टंटच्या सहीशिवाय बांधला जाईल’ ही ओळ तुमच्या रजिस्टरमध्ये हवीच.

उपाय म्हणून ‘जोखीम काँट्रॅक्टरवर’ एवढं लिहून मोकळं होऊ नका. तो एकतर ती रेटमध्ये लावतो, नाहीतर वेळ आली की काम सोडून जातो. काँट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसीवरही (बांधकामाच्या विम्यावर) फार विसंबू नका, सदोष डिझाइन दुरुस्त करायचा खर्च त्यात सहसा बसत नाही. आणि रेरा कायद्याखाली ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला, तर तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. तेव्हा गच्चीचं वॉटरप्रूफिंगही याच रजिस्टरमध्ये येतं.

बाकी, ६० च्या २० ओळी करा. प्रत्येकीसमोर एका माणसाचं नाव (‘साइट टीम’ नको), तारीख आणि धोका जवळ आल्याची खूण लिहा. दर सोमवारच्या मीटिंगला त्यातल्या पाचच वाचा.

आणि हो, पहिला ब्रेकर (खडक फोडायचं यंत्र) लागायच्या आत शेजारच्या इमारतीच्या भिंतींचे तारखेसकट फोटो काढा, त्यांच्या सेक्रेटरीची त्यावर सही घ्या. खोदाई सुरू झाली की तिथला वीस वर्षांचा जुना तडाही तुमच्याच नावावर जमा होतो.