चाक उडालं, आणि मन अडकलं

प्रश्न : खड्ड्यात स्कूटरचं चाक जरा उडालं, की कुणाला धडक दिली का म्हणून मी मागे जाऊन बघते. रस्त्यातला दगड बाजूला सारला, तर आता तिथे कुणी अडखळेल म्हणून परत जाते. नवऱ्याला रोज विचारते, ‘काही झालं नसेल ना?’ डॉक्टर याला ओसीडी म्हणतात, म्हणजे नको ते विचार येत राहतात आणि त्यापायी तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा करावीशी वाटते असा मनाचा आजार. मग हे बघणं सोडून मी बेजबाबदार व्हायचं का?

उत्तर : मुळीच नाही. पण मला सांगा, नवरा स्कूटर चालवत असताना तुम्ही मागे बसलात, तर एवढी धास्ती वाटते? बहुतेक कमी वाटत असेल. रस्ता तोच, खड्डे तेच; जबाबदारी मात्र दुसऱ्याची. पॉल सालकोव्हस्किस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये हेच मांडलं : नको ते विचार सगळ्यांनाच येतात, पण ओसीडीत ‘विचार आला, आता अनर्थ टाळणं माझ्यावरच’ असं वाटतं. दगड दिसला आणि उचलला नाही, तर जणू आपणच तो टाकला!

परत जाऊन बघितल्याने खात्री वाढत नाही. वारंवार तपासलं की आपल्या आठवणीवरचा विश्वासच उडतो. नवऱ्याला विचारणं हेही तपासणंच, फक्त जबाबदारी त्याच्या गळ्यात. उपचारात चाक उडाल्यावर न वळता पुढे जायचा सराव थेरपिस्टबरोबर करावा लागेल. सुरुवातीला जीव टांगणीला लागेल, हे आधीच सांगते. गरज असेल तर डॉक्टर गोळ्याही देतील. आणि नवरोबांनी ‘काही झालं नाही गं’ म्हणणं हळूहळू कमी करायचं, तुमच्याशी आधी ठरवून. तुटकपणे नव्हे.