लहान दुर्बीण आणि नवजात तारा

प्रश्न : हौशी निरीक्षकाला लहान दुर्बिणीतून तरुण चलतारा (ज्याचे तेज कमी-जास्त होते असा तारा) सापडल्याचे उदाहरण आहे का?

उत्तर : आहे. जानेवारी 2004 मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या जे मॅकनील यांनी जेमतेम 3 इंची दुर्बिणीतून मृग नक्षत्रातील एम 78 या तेजोमेघाचे (वायू आणि धुळीच्या चमकत्या ढगाचे) छायाचित्र घेतले, तेव्हा त्यालगत एक अनोळखी तेजोमेघ त्यांना दिसला. धुळीत दडलेल्या व्ही 1647 ओरायनिस या तरुण ताऱ्यावर भोवतालच्या चकतीतील द्रव्य एकाएकी अधिक प्रमाणात कोसळू लागल्याने तो उजळला होता आणि शेजारची धूळ त्याच्या प्रकाशात झळाळत होती. (गंमत म्हणजे 1966 च्या एका छायाचित्रातही हा तेजोमेघ उमटला होता, कोणाचे लक्ष गेले नाही, इतकेच.) पुढे तो तारा मंदावला आणि 2008 मध्ये पुन्हा उजळला. असे चढउतार टिपायला सातत्य लागते आणि तेथे हौशी निरीक्षकच अधिक उपयोगी पडतात.