सणाची पंगत सोडून आई टीव्हीपुढे बसते

मी समुपदेशन करते. भादव्यापासून दिवाळीपर्यंत माझ्याकडे एक तक्रार हमखास येते. घरात सण आहे, पाहुणे आलेत, आणि घरातलं एक माणूस टीव्हीपुढून उठत नाही. कधी ती कॉलेजातली मुलगी असते, कधी नवरा, आणि सांगणाऱ्यांना वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा ती साठीच्या पुढची आई असते. विचारणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो : मॅडम, हे व्यसन आहे का? आणि सोडवायचं कसं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कुटुंबाची हकीकत इथे सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.

२०२४ सालची गोष्ट. बिग बॉस मराठी या टीव्हीवरच्या रिअ‍ॅलिटी शोचं पाचवं पर्व २८ जुलैला सुरू झालं आणि ७० दिवस चालून ६ ऑक्टोबरला संपलं. रोज रात्री नऊला, आणि शनिवार-रविवारी सूत्रसंचालनाला रितेश देशमुख यायचे. आता याच दिवसांचं पंचांग बघा. २ सप्टेंबरला पोळा, ७ ला गणपती, १० ते १२ महालक्ष्म्या, ३ ऑक्टोबरला घट. दसरा सोडला तर विदर्भातल्या शेतकरी घरातले दिवाळीआधीचे बहुतेक मोठे सण त्या ७० दिवसांत बसले होते. भांडणाला जागा आधीच तयार होती म्हणा.

मुलगा पस्तिशीचा. आठ एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि कापूस. पितृपक्षात आला आणि बसल्या बसल्या म्हणाला, "मॅडम, महालक्ष्मीच्या जेवणाच्या दिवशी नऊ वाजले अन् माय पंगत सोडून टीव्हीपुढं जाऊन बसली. सोयरे काय म्हनत असन? बहीण रडून राह्यली होती." दुसऱ्या दिवशी त्याने रागाने सेट टॉप बॉक्सची वायरच काढून ठेवली. आईने जेवण सोडलं, दोन दिवस बीपीची गोळीही घेतली नाही. तेव्हा तो घाबरला आणि माझ्याकडे आला.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी एक सांगते. तिकडे ज्येष्ठागौरी म्हणतात त्या आमच्या महालक्ष्म्या, आणि अनेक घरांत त्या गणपतीपेक्षाही मोठ्या. जावा-भावा, लेकी-जावई सगळे त्या तीन दिवसांसाठी गावी येतात. मुखवटे, साड्या, वर टांगलेला फुलोरा, पुरण, आंबील, सोळा भाज्या. पूजेच्या दिवशी नैवेद्य होऊन पंगती बसायलाच रात्र होते. अशा वेळी घरातली सगळ्यात मोठी बाई उठून गेली, तर ते डोळ्यांवर येणारच. मुलाचा राग मला समजत होता.

पुढच्या भेटीला त्याची आई, म्हणजे काकू, आल्या. मुलाला आणि सुनेला मी बाहेर बसवलं आणि पहिल्यांदा शोबद्दलच विचारलं. असं मी नेहमीच करते. आल्या आल्या सणाचा विषय काढला की माणूस आरोपीसारखा बसतो. शोबद्दल विचारल्यावर काकू खुलल्या. कोणी कोणाला नॉमिनेट केलं, म्हणजे बाहेर काढायला नाव दिलं, कोण तोंडावर गोड बोलतं, कोण टास्कमध्ये चिडी खेळतं, सगळं पाठ. त्यांचा जीव होता सूरज चव्हाणवर. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा मुलगा, लहानपणीच आईवडील गेलेले, बहिणींनी वाढवलेला. "त्या पोराले माय नाय, बाप नाय," त्या म्हणाल्या. "आंदी समदे त्याले येडं समजत होते. आता पाहा."

नातवाच्या मोबाईलवरून त्या रोज मत द्यायच्या. घरातलं कॅलेंडर मी नंतर पाहिलं, नातवाने फोटो दाखवला. दुधाच्या हिशेबाच्या चौकोनांत, 'दीड लि.'च्या खाली, बारीक पेनाने लिहिलेलं : 'सूरज सेफ'. एका चौकोनात फक्त 'नॉमिनेट' आणि त्यावर पेन दोनदा फिरवलेलं.

मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. झोप कशी आहे, भूक कशी आहे, वस्तू ठेवलेल्या विसरता का, रडू येतं तेव्हा कशाने येतं, जगणं नकोसं वाटतं का. हे विचारायला संकोचू नये. मालक जाऊन दीड वर्ष झालेलं. झोप ठीक होती. सकाळी पाचला उठून सडा-सारवण, दुपारी सोयाबीनमध्ये निंदणाला बायकांबरोबर. रात्री साडेदहाला टीव्ही बंद. पैसे कुठे जात नव्हते. रोज दीड तास टीव्ही बघणाऱ्या बाईला व्यसनी म्हणायला माझं मन तयार नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, गेम खेळण्याचा विकार आहे. टीव्ही बघण्याचा नाही. मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो थोडा खट्टू झाला. आजाराचं नाव मिळालं असतं तर त्याला सोपं गेलं असतं.

मग महालक्ष्म्यांकडे वळले. "काकू, पहिले कोन मांडत होतं?"

"मीच." लग्न होऊन आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं सासूने शिकवलं, मग त्यांच्या हाती आलं. ज्येष्ठेला कोणती साडी, कनिष्ठेला कोणती, निऱ्या कुठे खोचायच्या, मुखवटा बसवताना मागून कोणी धरायचं. मालक गेल्यानंतर पहिलं वर्ष दुःखाचं म्हणून कोणी काही बोललं नाही. यंदा सुनेने मांडल्या, मोबाईलवर व्हिडिओ बघून.

"तुम्हाला कोणी नको म्हटलं?"

"नाय बाप्पा. कोनी नाय नाही म्हनलं. पन कोनी आवाज बी नाय देला." थोड्या वेळाने त्याच बोलल्या, "सवासिनी पाटावर बसल्या. कुंकू लावून राह्यले, ओटी भरून राह्यले. मी तिथं उभी राहून काय करू? नऊ वाजले का मले कुठं बसाचं ते मालूम राह्यते."

म्हणजे मुलगा सांगत होता तशी त्या पंगत सोडून गेल्या नव्हत्या. त्या पंगतीत त्यांचं पानच नव्हतं. सवाष्णींच्या पंगतीच्या वेळी त्या दाराशी उभ्या होत्या, नऊ वाजले आणि त्या जिथे त्यांना जागा होती तिथे गेल्या. टीव्ही नसता तर त्या स्वयंपाकघरात मोरीशी भांडी घासत बसल्या असत्या, आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. भांडी घासणारी आई कोणाला खटकली नसती.

अशा कार्यक्रमांची ओढ कशी लागते तेही सांगायला हवं, कारण घरच्यांना तो निव्वळ मूर्खपणा वाटतो. तीच माणसं रोज ठरल्या वेळी भेटतात. ती जेवतात, भांडतात, रडतात. भाग संपताना काहीतरी अर्धं सोडलेलं असतं. आणि तुमच्या मताने कोणीतरी राहतं किंवा जातं. पडद्यावरच्या माणसाशी असं एकतर्फी, पण मनाला खरं वाटणारं नातं जडतं, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्येच मांडलं होतं, टीव्ही तिकडे नुकता घरोघरी पोचत होता तेव्हा. यात वेडेपणा नाही. एकट्या पडलेल्या माणसाला अशा नात्याचा आधारही होतो. काकूंच्या घरात गेल्या दीड वर्षात त्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं, बियाणं कोणतं घ्यायचं इथपासून. त्या शोमध्ये त्यांचं मत रोज मोजलं जात होतं.

आणि शो आणि सण एकमेकांचे वैरी असतातच असंही नाही. २०१९ मध्ये अमरावतीचा शिव ठाकरे दुसरं पर्व जिंकला, तो अंतिम भाग १ सप्टेंबरला होता. त्या दिवशी हरतालिका. आमच्याकडे कितीतरी घरांत बायकांनी जागरणाची सुरुवात टीव्हीपुढेच केली, आपल्या वऱ्हाडातला पोरगा जिंकला म्हणून त्या रात्री फुगड्यांना जोर आला. एकत्र बघितलं की तो कार्यक्रमही सणाचाच भाग होतो. एकटीने बघावं लागतं तेव्हा घरच्यांना तो खुपतो.

पुढच्या भेटीत सगळ्यांना एकत्र बसवलं. सून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माह्या आईनं सांगतलं होतं, सासूबाईले इचारू नको, त्याईले मामाजीची आठवण येईन." मामाजी म्हणजे सासरे. तिने दुखवायचं नाही म्हणून विचारलं नव्हतं. साडी तीनदा सुटली, रात्री एक वाजेपर्यंत ती एकटी खटपट करत होती, आणि शेजारच्या खोलीत ही कला येणारी बाई जागी होती. काकूंनी एवढंच विचारलं, "कनिष्ठेची साडी सुटली का?" सून म्हणाली, हो. "ते कोठीले आंदी दोरी बांदा लागते ना." कोठी म्हणजे जिच्यावर महालक्ष्मी उभी करतात ती.

मुलाला मी सरळ बोलले. विधवेला मंगलकार्यापासून लांब ठेवणं मला अन्यायाचं वाटतं, आणि ते लपवून समुपदेशन करणं मला जमत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात १७ तारखेला राज्य सरकारने बाकी ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. हे मुलाला माहीत होतं. त्याच्या तोंडून आलं, "ठराव कागदावर असते मॅडम. भावकी घरात असते." खरं आहे ते. म्हणून मी त्याला भावकीशी भांडायला सांगितलं नाही. विचारलं की घटस्थापनेला तुझ्या घरात फक्त तुम्हीच असता, तिथे कोणाला हरकत आहे? तो म्हणाला, कोणालाच नाही.

३ ऑक्टोबरला घटाची माती आणि गहू काकूंनी घातला. चुलत सासू येऊन गेली आणि नाक मुरडून गेली. मुलगा तेव्हा काही बोलला नाही. सून बोलली. हळदीकुंकवाच्या दिवशी सुनेने करंडा पुढे केला तर काकूच म्हणाल्या, "मले नको पोरी." त्यांना आग्रह करू नको, असं मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. चाळीस वर्षांचं मनात बसलेलं असतं. आपल्याला योग्य वाटतं म्हणून ते दुसऱ्याच्या कपाळावर लादायचं, तर तीही जबरदस्तीच झाली.

६ तारखेचा अंतिम भाग सगळ्यांनी मिळून बघितला. मुलीने फोन लावून ठेवला होता, ती तिकडून ओरडत होती. सूरज जिंकला. काकू रडल्या, आणि या वेळी त्यांच्या रडण्याचा कोणाला राग आला नाही.

मला काळजी पुढच्या आठवड्याची होती. असा रोजचा कार्यक्रम संपला की माणसाला घर सुनं वाटतं, आणि ज्याचं दुःख अजून ताजं आहे त्याला ते जास्त लागतं. तसंच झालं. काकू चिडचिड करू लागल्या, दोनदा मालकांच्या फोटोपुढे बसून राहिल्या. मुलगा म्हणाला, पुन्हा सुरू झालं. मी म्हटलं, हे आत्ता सुरू झालंय, दीड वर्षापूर्वी व्हायला हवं होतं ते. त्यांच्याशी मालकांबद्दल कोणीच बोलत नव्हतं, आठवण येईल म्हणून. मालक तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात खंजिरी वाजवायचे. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला दोघं जायचे. ते गेल्यापासून काकूंनी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. नातवाला घेऊन त्या पुन्हा जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी अर्ध्यातून परत आल्या, नंतर पूर्ण वेळ बसल्या.

प्रत्येक घरात गोष्ट अशीच निघेल असं नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत क्लिपा बघणं, मतांसाठी किंवा पैजेसाठी पैसे घालवणं, आवडत्या स्पर्धकावरून मोबाईलवर अनोळखी लोकांशी शिवीगाळ, कामावर दांड्या, हे असेल तर त्याचा वेगळा विचार करावा लागतो. वयस्क माणूस नेहमीच्या गोष्टी विसरू लागलं, किंवा जवळचं कोणी जाऊन सहा महिने उलटले तरी जेवण-झोप-काम सावरत नसेल, तर टीव्हीवरून वाद घालत बसू नका, डॉक्टरला दाखवा. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. वायर मात्र काढू नका. काकूंनी दोन दिवस बीपीची गोळी सोडली, त्यावर मी त्यांना आधी ग्रामीण रुग्णालयात तपासायला पाठवलं होतं. तेव्हा प्रेशर बरंच चढलेलं निघालं.

दिवाळीनंतर काकू एकट्या आल्या. प्रेशर आटोक्यात होतं. सुनेने पुढच्या वर्षीच्या महालक्ष्म्यांसाठी कोठ्यांना दोरी कशी बांधायची ते शिकून घेतलं होतं. चुलत सासू अजून बोलत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि त्यावर विशेष काही म्हटलं नाही. मी पुढची तारीख द्यायला लागले तर म्हणाल्या, आता कापूस वेचाचा हाय, लागलं तर फोन करीन.