बाबांचं दिव्यांग प्रमाणपत्र ४५ टक्क्यांचं आहे, आता तब्येत आणखी बिघडलीय. कळवावं का?

कळवाच. स्वावलंबन या दिव्यांग प्रमाणपत्राच्या सरकारी पोर्टलवरून अर्ज करून पुन्हा तपासणी करून घ्या. फरक पडतो: जुन्या करप्रणालीत ४० टक्क्यांपासून ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्क्यांपासून १,२५,००० ची.

खरी गडबड तपासणीत होते. डॉक्टरांनी आमच्या आईला विचारलं, "जिना चढता येतो का?" ती म्हणाली, "हो, येतो की." गिरगावातल्या चाळीचे दोन मजले चढताना तीनदा पायरीवर टेकते, हे काही बोललीच नाही! (आपल्या माणसांना दुखणं सांगायची लाजच फार.) शेवटी मीच तोंड उघडलं. तेव्हा बाबांना घरूनच समजावून न्या. बरोबर जुनं प्रमाणपत्र, ताजे एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड. झेरॉक्स आदल्या दिवशीच काढा.